यशवंतराव चव्हाण आणि चीन : पराभवापासून संवादापर्यंत

यशवंतराव चव्हाण यांचे नाव मुख्यतः महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून घेतले जाते आणि त्यांची दिल्लीतील कारकीर्द ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ या एका उद्गारात आटोपली जाते. परंतु चीनकडून पराभूत झालेले सैन्य पुन्हा उभे करणारा आणि पुढे त्याच चीनमध्ये राजदूत पाठवण्याचा निर्णय संसदेत जाहीर करणारा नेता एकच होता, ही बाब त्या उद्गाराहून अधिक मोलाची आहे.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे (आजचा सांगली जिल्हा) येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या यशवंतरावांचे वडील लवकर वारले आणि आई विठाबाई यांनी मुलांना कष्टाने वाढवले. स्वातंत्र्यलढ्यात १९३२ साली त्यांनी कारावास भोगला, पुढे वकिलीचे शिक्षण पूर्ण केले आणि १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत राहिले. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, त्याच वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून या राज्यात आला. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात १ मे १९६२ रोजी सुरू झालेल्या जिल्हा परिषदांमुळे आणि पंचायत समित्यांमुळे बुलढाण्यातील मेहकरसारख्या तालुक्यांतल्या गावकऱ्यांना विकासकामांबाबत निर्णय घेण्याचा अधिकार मिळाला. सत्ता खालपर्यंत पोचवायची आणि माणसे विश्वासात घेऊन काम करायचे, ही त्यांची रीत येथेच पक्की झाली.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि ईशान्य सीमेवर मोठा हल्ला केला. पुरेशी शस्त्रे, उबदार कपडे आणि रस्ते यांअभावी भारतीय जवानांना माघार घ्यावी लागली आणि लोकक्षोभामुळे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले. पंतप्रधान नेहरूंनी त्या जागी यशवंतरावांना दिल्लीला बोलावले; सह्याद्री धावल्याचा तो उद्गार याच प्रसंगाचा. २१ नोव्हेंबर रोजी त्यांनी शपथ घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली होती.

लढाई थांबली तरी लष्करी अधिकारी आणि राजकीय नेतृत्व यांच्यातील अविश्वास कायम होता. यशवंतरावांनी तिन्ही दलांच्या प्रमुखांशी आणि संरक्षण सचिवांशी सकाळी नियमित बैठका सुरू केल्या, त्यामुळे सेनापतींचे म्हणणे थेट मंत्र्यांच्या कानी जाऊ लागले. पराभवाची लष्करी चौकशी झाल्यावर तिचा अहवाल गुप्त ठेवण्यात आला, तरी २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी त्याचा सारांश संसदेपुढे मांडला आणि डोंगराळ युद्धाचे प्रशिक्षण, साधनसामग्री व नेतृत्व यांतील उणिवा मान्य केल्या. १९६४ च्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत सव्वाआठ लाखांचे सैन्य, पर्वतीय युद्धासाठी दहा डिव्हिजन म्हणजे स्वतंत्रपणे लढू शकणाऱ्या मोठ्या तुकड्या आणि हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन असे लक्ष्य ठरले. १९६५ च्या भारत-पाक युद्धाच्या ऐन भरात चीनने सिक्कीम सीमेवरील ठाणी हटवण्याचा निर्वाणीचा इशारा दिला, तेव्हा देश पूर्वीसारखा गोंधळून गेला नाही.

गृह आणि अर्थ ही खाती सांभाळून १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. दोन्ही राजधान्यांत राजदूत नसल्याने भारत-चीन संबंध अनेक वर्षे खालच्या पातळीवरील अधिकाऱ्यांमार्फतच चालत होते. एप्रिल १९७६ मध्ये यशवंतरावांनी लोकसभेत के. आर. नारायणन यांना बीजिंगला राजदूत म्हणून पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हा चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांचे निधन होऊन काही महिने झाले होते आणि तेथील सर्वोच्च नेते माओ हयात होते. नारायणन पुढे भारताचे राष्ट्रपती झाले.

सीमाप्रश्न या निर्णयाने सुटला नाही आणि तो एका राजदूताने सुटण्यासारखाही नव्हता, परंतु वाटाघाटींचे बंद दार पुन्हा उघडले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी निधन झालेल्या या नेत्याच्या कारकिर्दीतून दिसते ते असे की, शेजाऱ्याशी बरोबरीने बोलायचे तर आधी घर सावरावे लागते आणि घर सावरल्यावर बोलणी टाळणे हे शौर्याचे लक्षण ठरत नाही. पराभवाचा सूड हे राष्ट्राचे धोरण होऊ न देता सज्जता आणि संवाद या दोन्ही गोष्टींची जबाबदारी यशवंतरावांनी घेतली, यातच त्यांच्या मुत्सद्देगिरीचे खरे मोठेपण आहे.