मुरणारे पान आणि पोखरणारा भुंगेरा
चिरूट मुरवताना नवख्यांनी घ्यावयाची काळजी

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात साठवणुकीतील किडींच्या पाहणीसाठी तमिळनाडूतील दिंडीगुल जिल्ह्यातल्या एका गावी जाण्याचा योग आला. तंबाखू पिकवून घरीच चिरूट वळणाऱ्या एका शेतकऱ्याने आतल्या खोलीतून लाकडी पेटी आणली. जानेवारीत वळलेल्या चिरुटांच्या पन्नास-पन्नासच्या वीस जुड्या त्याने चांगला भाव यावा म्हणून मुरत ठेवल्या होत्या. पहिली जुडी सोडताच कॉफीच्या पुडीसारखी तपकिरी भुकटी जमिनीवर सांडली. चिरुटाच्या आवरणावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे होती. एक हजार चिरुटांपैकी विकण्याजोगे शंभरही उरले नव्हते. "पाच महिने पेटीला हातसुद्धा लावला नाही," असे तो म्हणाला आणि माझ्या तमिळ सहकाऱ्याने ते मला समजावून सांगितले. त्याच्या या एका वाक्यातच नुकसानीचे कारण दडलेले होते.

चिरूट मुरवणे म्हणजे तो पेटीत घालून विसरून जाणे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ज्या ऊबेत आणि ओलाव्यात पान मुरते, त्याच परिस्थितीत त्याचा सर्वांत मोठा शत्रूही वाढतो. दोहोंमधील सीमारेषा ओळखणे हीच मुरवण्याची खरी विद्या आहे.

विश्रांती वेगळी, मुरवण वेगळी

'चिरूट' हा शब्द तमिळमधील 'सुरुट्टु', म्हणजे वळलेली वस्तू, या शब्दापासून आला आहे. चिरूट असो वा सिगार, त्याचे मुख्य घटक तेच: आतील भरण, त्याला बांधणारे पान आणि बाहेरचे आवरण. वळताना पान चिरू नये म्हणून ते ओलसर केलेले असते. त्यामुळे नव्या चिरुटात ओलावा अधिक असतो आणि तो तिन्ही थरांत सारखा नसतो. हा ओलावा समान होईपर्यंतचा काळ म्हणजे विश्रांती. प्रवासातून आलेल्या मालालाही एक ते दोन आठवड्यांची विश्रांती पुरते. ती न दिल्यास चिरूट एका बाजूने जळतो, धूर नीट ओढला जात नाही आणि आवरण तडकते.

मुरवण हा पुढचा टप्पा होय. तो महिन्यांचा, क्वचित वर्षांचा असतो. वळण्यापूर्वी पाने गंजीत रचून आंबवली जातात. गंजी आतून तापते, अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि ठरावीक तापमान येताच गंजी फोडून पाने खालीवर करावी लागतात. या काळात प्रथिने व शर्करा यांचे विघटन होते आणि निकोटिनचे प्रमाणही काहीसे घटते. वळल्यानंतर हीच क्रिया अतिशय मंद गतीने चालू राहते. उरलेला अमोनिया निघून जातो, तिखटपणा ओसरतो आणि तिन्ही पानांचे गंध एकमेकांत मिसळतात. आंबवणीत चुकलेले पान मात्र कितीही वर्षे ठेवले तरी सुधारत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुरवणीने चव सौम्य होते, धूर निरुपद्रवी होत नाही. तंबाखूचे कोणतेही सेवन आरोग्यास घातकच आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू सेवनाचा पुरस्कार करण्याचा नसून पिकवणाऱ्याच्या आणि वळणाऱ्याच्या हातातील माल वाया जाऊ नये, एवढाच आहे.

पेटीतील पाहुणा

त्या पेटीतील कीड म्हणजे तंबाखू भुंगेरा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. प्रौढ भुंगेरा दोन ते तीन मिलिमीटर लांब, तांबूस तपकिरी आणि पाठीशी फुगीर असतो. डोके खाली वळलेले असल्याने तो बाजूने कुबडा दिसतो. नुकसान करते ती मात्र पांढरी, केसाळ, अर्धचंद्राकृती अळी. ती पानातच बोगदे करते, तेथेच कोषात जाते आणि प्रौढ झाल्यावर गोल छिद्र पाडून बाहेर पडते. म्हणजेच छिद्र दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते.

ही कीड केवळ तंबाखूची नाही. हळद, मिरची, धने, सुका मेवा यांवरही ती उपजीविका करते. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याला आणि निपाणीच्या तंबाखू वखारीतील हमालाला ती सारखीच परिचित आहे. इजिप्तमधील तुतनखामेनच्या थडग्यातही तिचे अवशेष सापडले आहेत. तंबाखू त्या भूमीत पोहोचण्याच्या कितीतरी शतके आधीपासून ती माणसाच्या साठवणीत राहत आली आहे. निकोटिनयुक्त पानावर ती जगू शकते, त्यात तिच्या शरीरातील सहजीवी यीस्टसदृश बुरशीचाही वाटा आहे. ही बुरशी अळीला जीवनसत्त्वे पुरवते आणि काही विषारी द्रव्ये निष्प्रभ करण्यास मदत करते.

मादी सुमारे शंभर अंडी घालते. तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि सत्तर टक्के आर्द्रता मिळाल्यास एक पिढी साधारण महिनाभरात पूर्ण होते. शंभर अंड्यांतून पन्नास माद्या निपजल्या, तर दुसऱ्या पिढीत पाच हजार अंडी होतात. हा कागदावरचा हिशेब आहे, सर्व अंडी जगत नाहीत. तथापि मार्च ते जून या काळात तीन पिढ्या होऊ शकतात, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या पेटीत काय घडले असेल याची कल्पना येते. उलटपक्षी तापमान अठरा अंशांच्या खाली राहिले तर वाढ जवळजवळ थांबते.

आधी तापमान, मग आर्द्रता

सिगार साठवण्यासाठी ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान योग्य मानले जाते. नवखा मनुष्य आर्द्रतेकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो आणि तापमानाकडे दुर्लक्ष करतो. कीटकशास्त्राच्या दृष्टीने क्रम उलटा हवा. आर्द्रता पाच टक्क्यांनी चुकली तर पान थोडे कोरडे वा ओले होईल. तापमान काही आठवडे पंचवीस अंशांच्या वर राहिले तर पानात दडलेली अंडी जागी होतील. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेल्यास बुरशीचा धोका वाढतो. पावसाळ्यात आपल्याकडील बहुतेक भागांत उघड्या पेटीची हीच अवस्था होते.

सिगारच्या पेट्यांसाठी वापरले जाणारे 'स्पॅनिश सिडार' हे लाकूड खऱ्या देवदाराचे नव्हे. ते कडुनिंबाच्या कुळातील सेड्रेला वृक्षाचे असून आपल्याकडील तून हा त्याचाच भाऊबंद आहे. हे लाकूड ओलावा शोषते, सोडते आणि सुगंध देते. त्या वासाने भुंगेरा येत नाही, या समजावर मात्र विसंबू नये.

नवख्यांसाठी कृती

१. आर्द्रतामापक तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घालावे. मीठ विरघळू न देता चिखलासारखे ओले करावे. हे झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवावेत. जितका फरक आढळेल तितका पुढील प्रत्येक नोंदीत धरावा.

२. नवा माल जुन्या मालात मिसळण्यापूर्वी थंड उपचार द्यावा. चिरूट जाड पिशवीत हवाबंद करून एक दिवस फ्रीजमध्ये, नंतर एक आठवडा उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये आणि शेवटी खोलीच्या तापमानात आणावेत. पिशवी तोवर उघडू नये, अन्यथा बाष्प साचून आवरण फुटते. या उपचाराने किडीच्या सर्व अवस्था मरतात, परंतु पुढील प्रादुर्भावापासून संरक्षण मिळत नाही.

३. त्यानंतर माल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. कागद, पुठ्ठा व पातळ प्लॅस्टिक भुंगेरा सहज भेदतो.

४. दर पंधरा दिवसांनी डबा उघडावा, थर खालीवर करावे आणि तळाशी पांढरा कागद अंथरून भुकटी पडते का ते पाहावे.

५. एक छिद्र दिसले तरी संपूर्ण डबा बाधित मानावा आणि उपचार पुन्हा करावा.

वखारीसाठी

बोदांना फ्रीजर उपयोगाचा नाही. तेथे स्वच्छता हाच पहिला उपाय. फटींतील भुकटी आणि मागील हंगामातील तुकडे हे किडीचे माहेरघर असतात. प्रादुर्भाव कळण्यासाठी सेरिकॉर्निन या मादीच्या गंधद्रव्याचे कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात नर सापडतात, त्यामुळे सापळा हा इशारा आहे, उपचार नव्हे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडचे धुरीकरण केवळ अधिकृत व प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावे. या वायूला भुंगेऱ्याने भारतासह अनेक देशांत प्रतिकारक्षमता मिळवली आहे. अपुरी मात्रा, गळके आच्छादन आणि घाईने उघडलेली थप्पी ही त्यामागची कारणे आहेत.

तंबाखूच्या या प्रकारांवर आपल्या देशात दीर्घकाळ संशोधन झाले आहे. राजमहेंद्रवरम येथे १९४७ साली केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाली. सिगार व चिरुटाच्या तंबाखूसाठी वेदसंदूर येथे १९४८ मध्ये आणि आवरणाच्या पानासाठी पश्चिम बंगालमधील दिनहाटा येथे १९५२ मध्ये संशोधन केंद्रे सुरू झाली. पिकाइतकेच लक्ष पीक घरी आल्यानंतरच्या महिन्यांकडेही दिले जावे, ही विस्तार कार्यकर्त्यांना विनंती.

दिंडीगुलच्या त्या शेतकऱ्याकडे थंड खोली नव्हती, आजही नाही. पुढील हंगामात त्याने जुड्या गावातील दुकानाच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवल्या, नंतर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरल्या आणि दर पंधरवड्याला एकेक जुडी सोडून पाहिली. कडक उन्हाळा लागण्यापूर्वीच त्याने माल विकला. मुरवण दोन-अडीच महिन्यांचीच झाली, पण चिरूट अखंड राहिले. ज्याच्याकडे थंडावा नाही, त्याने मुरवणीचा काळ आखूड ठेवावा. पेटीत ठेवलेला माल वेळोवेळी उघडून पाहणाऱ्याच्याच हाती लागतो.