गोफणीचा धोंडा

औंढा नागनाथाचं दर्शन आटोपून दुधाळ्याकडे वळलो ते लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या नियोजित वेधशाळेच्या जागेसाठी. काटकोनात दोन भुजा, एकेक ४ किलोमीटर लांब; एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेले २६०० कोटी. हे सगळं वाचून आलो होतो. मनात राहिला मात्र वाटेवरच्या शिवारातला ज्वारीचा राखणदार.

माळ्यावर उभा, साठीचा. गोफण डोक्याभोवती दोनदा फिरली, एक पदर सुटला आणि धोंडा सरळ निघाला. सुटलेला धोंडा गोल फिरत नाही, हे शाळेत घोकलं होतं, पटलं इथे. त्याला वळवत होता तो पदर. चंद्राला पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण वळवतं; पदर दिसत नाही आणि हात दुखत नाही, एवढाच फरक.

“४ किलोमीटर सरळ म्हनं,” राखणदार मामा म्हणाले. “आमचं तास या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत नीट जाईना.”

तासाची अडचण बैलांची, भुजेची पृथ्वीची. ४ किलोमीटरांत जमीन सव्वा मीटर वाकते. भुजेच्या नळीतून जाणारा लेझर वाकत नाही, म्हणून ती नळी जमिनीच्या भरवशावर टाकता येत नाही.

हा सव्वा मीटर मला सोडेना. हातातून सुटलेला धोंडा अर्ध्या सेकंदात तेवढाच पडतो. मग तोच सेकंदाला ८ किलोमीटर वेगानं आडवा फेकला तर? (हवेला तेवढं बाजूला ठेवू.) अर्ध्या सेकंदात ४ किलोमीटर जाईल, सव्वा मीटर पडेल आणि खालची जमीनही तेवढीच वाकलेली असेल. पडतोय, पण टेकत नाही. उपग्रह याहून वेगळं काही करत नाही. सुमारे ४०० किलोमीटरांवरचं अंतराळ स्थानक असंच पडत पडत दीड तासात प्रदक्षिणा घालतं. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणतात. असतं, जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के.

दुधाळ्याच्या भुजा ऐकणार आहेत ती अशाच फेऱ्यांची अखेर. एकमेकांभोवती फिरणारी कृष्णविवरं गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा गमावत जवळ येतात, फेरे वेगानं होतात, शेवटी दोन्ही एक होतात. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी अशी लहर पहिल्यांदा टिपली.

सेकंदाला ८ किलोमीटरांचं मी मामांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी धोंडा हातात तोलला.

“मंग तं दीड घंट्यानं माझ्याच टाळक्यात बसंल की!”

गोफण फिरली. राघू उठले आणि चार तासं सोडून पुन्हा कणसांवर बसले.