मूळ वही आणि नक्कल

गिरगांवांतल्या पेढीवर मालकानें मूळ खातेवही कारकुनाच्या हातीं दिली, तर त्यानें केलेली खाडाखोड मूळ वहींतच होते. नक्कल दिली, तर मूळ वही अबाधित राहते. संगणकाचेंही तसेंच आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं बसविलेल्या सीडीसी ३६०० यंत्रावर फोरट्रान भाषा चाले. तींत उपकार्यक्रमाला आंकड्यांची रांग देणें म्हणजे तिची नक्कल न देतां स्मृतींतील तिचा पत्ताच देणें होय. त्यामुळें जागा वांचते. पण बारा महिन्यांच्या पावसाचे आंकडे उपकार्यक्रमानें चढत्या क्रमानें लावले, कीं त्यांतला जुलैचा कोणता, हें मूळ रांगेवरूनही कळत नाहीं. आजच्या पायथॉन भाषेंत ‘सॉर्ट’ मूळ यादीच हलवितें, ‘सॉर्टेड’ नवी यादी देतें. मूळ क्रम पुढें लागणार असेल, तर आधीं नक्कल करावी.