काळा रंग हरवलेला साप

परदेशी साप पाळणाऱ्यांच्या काचपेटीत अनेकदा एक नारिंगी-लाल साप दिसतो. डोळे गुलाबी, पाठीवर लालभडक ठिपके आणि त्यांच्या कडा पांढरट. ही सापाची निराळीच जात असावी किंवा माणसाने तिच्यात नवा रंग आणला असावा, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात तो अमेरिकेतला साधा कॉर्न स्नेक असतो. त्याच्यात नवे काही आलेले नसते. उलट एक रंग हरवलेला असतो.

कॉर्न स्नेक, अर्थात पॅन्थेरोफिस गटॅटस, हा अमेरिकेच्या आग्नेय भागात न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत आढळतो. लिनियसने १७६६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. हा साप बिनविषारी असून भक्ष्याला विळखा घालून मारतो. पिले सरडे व बेडूक खातात, तर मोठ्या सापांचे मुख्य अन्न म्हणजे उंदीर. मक्याच्या कोठारांत उंदरांमागे येतो म्हणून त्याला हे नाव पडले, असे सांगतात. पोटावरील काळ्या-पांढऱ्या चौकटी मक्याच्या रंगीत दाण्यांसारख्या दिसतात, हे दुसरे स्पष्टीकरण. आपल्याकडे धामण शेतकऱ्यासाठी जे काम करते, तेच हा साप तिकडे करतो. तरीही कॉपरहेड या विषारी सापाशी गल्लत होऊन तो अनेकदा हकनाक मारला जातो.

सापाचा रंग त्वचेतील विविध रंगपेशींमुळे ठरतो. काही पेशींत मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य असते, काहींत पिवळी व लाल रंगद्रव्ये, तर काही पेशी केवळ प्रकाश परावर्तित करतात. या साऱ्यांच्या मिश्रणातून नेहमीच्या कॉर्न स्नेकचे काळ्या किनारीचे तांबूस ठिपके तयार होतात. मेलॅनिन वजा झाले की किनार पांढरी पडते आणि आधीपासूनच असलेला लाल रंग उजळून दिसतो. डोळ्यांतही मेलॅनिन नसल्याने रक्तवाहिन्यांची लाली बाहेर दिसते.

असा एक नर १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात निसर्गात सापडला. जॉर्जियातील त्वचारोगतज्ज्ञ बर्नार्ड बेक्टेल यांनी त्याचा संकर साध्या मादीशी घडवला. पहिल्या पिढीतील सर्व पिले साधीच निघाली. मात्र त्यांच्या आपसांतील संकरातून लाल पिले जन्मली. बेक्टेल दांपत्याने १९६२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा गुण अप्रभावी आहे, हे त्यातून सिद्ध झाले. म्हणजे आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले, तरच तो प्रकट होतो. दोन्ही पालक केवळ वाहक असतील, तर प्रत्येक पिलाबाबत ही शक्यता चारांत एक असते.

हा दोष नेमका कोठे आहे, याचे उत्तर २०१५ मध्ये मिळाले. जिनिव्हा विद्यापीठातील मिशेल मिलिंकोविच यांच्या गटाला असे आढळले, की ओसीए२ नावाच्या जनुकात जागा बदलणाऱ्या डीएनएचा एक तुकडा घुसला आहे. याच जनुकातील दोषांमुळे माणसांतही अल्बिनिझमचा एक प्रकार उद्भवतो. साप आणि माणूस यांचे नाते किती जुने आहे, याचा हा बोलका पुरावा म्हणावा लागेल.

वाळक्या पानांत लपणाऱ्या सापाला काळी किनार आच्छादन पुरवते. ती गेली की शिकारी पक्ष्याची नजर चुकवणे कठीण. म्हणूनच निसर्गात क्वचित दिसणारे हे रूप माणसाच्या निवाऱ्यातच फोफावले. हौसेपायी या सापांची चोरटी वाहतूकही होते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटांच्या पाकिटांत लपवलेले साप पकडले गेले. त्यांत दोन कॉर्न स्नेक होते. असा साप नकोसा झाला म्हणून रानात सोडणे हाही उपाय नव्हे. ग्रँड केमनसारख्या बेटावर माणसामुळेच पोचलेले कॉर्न स्नेक आता तेथे रुजले आहेत. काचपेटीतला रंग डोळ्यांना सुखावतो खरा. पण रानात त्या सापाला तारणारा रंग काळाच होता.