चार आण्यांची कोंबडी आणि परदेशातले कार्ड

नाशिक रोडच्या छापखान्यांचा आम्हां नाशिककरांना मोठा अभिमान! १९२८ सालापासून येथील करन्सी नोट प्रेसमध्ये देशाच्या नोटा छापल्या जातात, तर शेजारच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्टच्या पुस्तिका तयार होतात. गंमत अशी की, येथे छापलेला पासपोर्ट दाखवून माणूस जगभर हिंडू शकतो, परंतु येथेच छापलेली नोट बर्लिनच्या किंवा लंडनच्या दुकानदारापुढे ठेवली तर तो ती हातातही घेणार नाही. रुपयाचा युरो किंवा डॉलर करावा लागतो आणि तो करून देणारा कोणीही फुकट करून देत नाही. हे ‘करून देणे’ कितीला पडते, याचाच विचार या लेखात करावयाचा आहे.

एक काळ असा होता की, परदेशी चलन ही देशाची काटकसरीने वापरावयाची पुंजी होती. साठ-सत्तरच्या दशकांत शिकायला परदेशी गेलेली मंडळी खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसल्याच्या आठवणी आजही सांगतात. १९७३ चा ‘फेरा’ कायदा कडक होता. त्याच्या जागी १९९९ चा ‘फेमा’ आला आणि १ जून २००० पासून तो लागू झाला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची मुभा दिली. ती वाढत वाढत २०१५ मध्ये अडीच लाख डॉलरवर गेली. म्हणजे पूर्वी प्रश्न होता, ‘परकीय चलन मिळेल का?’ आता प्रश्न आहे, ‘ते स्वस्तात कसे मिळेल?’

आमच्या घरी हा प्रश्न उभा राहिला तो ताईमुळे. ती जर्मनीत नोकरीला आहे आणि आई-दादांनी दीड महिना तिच्याकडे जायचे ठरले. दादांची सारी नोकरी नाशिक रोडच्या छापखान्यात झाली. आयुष्यभर पासपोर्ट पाहिले, पण स्वतःच्या पासपोर्टवर शिक्का उमटण्याची ही पहिलीच वेळ! त्यांचा हट्ट एकच होता : “लेकीकडे जायचे, पण लेकीच्या पैशाने हिंडायचे नाही.” त्यासाठी त्यांनी निवृत्तीच्या पुंजीतून दोन लाख रुपये बाजूला काढले. बँकेत विचारले तर उत्तर मिळाले, “कोणतेही कार्ड न्या, सगळी चालतात.” चालतात हे खरे, पण कितीला चालतात? मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून ते शोधण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

प्रथम नेहमीचे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड घेऊ. परदेशात ते वापरले की व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या संस्थेच्या त्या दिवशीच्या दराने युरोचे रुपये होतात. हा दर बहुधा घाऊक बाजाराच्या जवळचा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यावर आपली बँक स्वतःचा आकार लावते. त्याला ‘मार्कअप’ म्हणतात. पुष्कळ कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो आणि वर त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. दादांच्या दोन लाखांवर हिशेब केला तर मार्कअप ७,००० रुपये, त्यावर कर १,२६० रुपये, एकूण ८,२६० रुपये. म्हणजे शेकडा ४.१३. आई म्हणाली, “अगं बाई, महिन्याचा किराणा आणि वर दिवाळीचा फराळ!” तिचे अर्थशास्त्र माझ्यापेक्षा पक्के आहे.

काही कार्डांवर हाच आकार दोन टक्के असतो, तेथे करासह ४,७२० रुपये जातात. काही बँका मार्कअप मुळीच न घेणारी कार्डे देतात. पण तेथेही डोळे झाकून उडी मारू नये. त्या कार्डाची वार्षिक फी पाहावी. समजा, फी १,००० रुपये आहे. करासह ती १,१८० झाली. साडेतीन टक्केवाल्या कार्डाऐवजी ते घेतले तर ही फी सुमारे २८,६०० रुपयांच्या खर्चावर भरून निघते. त्याहून अधिक खर्च होणार असेल तर नवे कार्ड फायद्याचे. तीनचार दिवसांसाठी जाऊन दहा-पंधरा हजारच खर्चायचे असतील, तर जुनेच कार्ड बरे. नाहीतर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत व्हायची.

दुसरा प्रकार फॉरेक्स कार्डाचा. जुन्या ट्रॅव्हलर्स चेकचाच हा नवा अवतार म्हणा ना! निघण्यापूर्वी त्यावर युरो किंवा डॉलर भरून घ्यायचे. दर त्याच दिवशी पक्का होतो, त्यामुळे पुढे रुपया घसरला तरी चिंता नाही. ज्याला क्रेडिट कार्ड मिळत नाही अशा विद्यार्थ्याला ते सोयीचे पडते. पण ‘या कार्डावर मार्कअप नाही’ या जाहिरातीने हुरळून जाऊ नये. हिशेबाच्या सोयीसाठी बाजारात युरो शंभर रुपयांना आहे असे धरू. कार्ड देणाऱ्याने तो १०२ रुपयांना दिला, तर दोन टक्के तेथेच गेले, फक्त पावतीवर दिसले नाहीत! शिवाय युरो भरलेले कार्ड घेऊन कोणी स्वित्झर्लंडला गेला तर तेथे चालते फ्रँक. मग युरोचे फ्रँक करण्याचा वेगळा आकार. उरलेले पैसे परत रुपयांत घेताना पुन्हा विक्रीचा पडता दर. म्हणून दर विचारताना ‘युरो काय भाव?’ एवढेच न विचारता, ‘सगळे धरून माझ्या हाती किती युरो येतील?’ असे विचारावे. भाजीबाजारात आपण पिशवीतला माल पाहतोच की!

तिसरी गोष्ट एटीएमची. परदेशी यंत्रातून पैसे काढले की मार्कअप वेगळा आणि दर वेळचा ठरावीक आकार वेगळा. कधी ते यंत्र चालवणारी तिकडची बँकही आपला हात धुऊन घेते. ठरावीक आकार १५० रुपये धरला तर करासह १७७ झाले. पाच हजार रुपयांचे युरो काढले तर हा आकारच साडेतीन टक्के होतो. पंचवीस हजारांचे एकदम काढले तर पाऊण टक्क्याहूनही कमी. म्हणून थोडे थोडे न काढता मोजक्या वेळा काढावे. आणि क्रेडिट कार्डाने रोख कधीच काढू नये. त्यावर वेगळी फी बसते आणि पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

सर्वांत फसवा प्रकार मात्र दुकानात भेटतो. कार्ड यंत्रात घातले की पडद्यावर विचारणा होते : रक्कम युरोत द्यायची की रुपयांत? परमुलखात रुपयाचे नाव दिसले की आपल्या माणसाला माहेरची वाट दिसल्यासारखे होते. पण रुपये निवडले की दर ठरवण्याचा अधिकार त्या दुकानाच्या बँकेकडे जातो आणि तो दर बहुधा बराच महाग असतो. काही भारतीय बँका अशा व्यवहारावरही वेगळा आकार लावतात. तेव्हा उत्तर एकच : ज्या देशात आहोत, त्या देशाचे चलन. दादांनी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले होते. एका दुकानात मुलीने मदत म्हणून रुपयाचे बटण दाबायला बोट पुढे केले, तर त्यांनी मराठीतच “थांबा!” म्हटले. तिला ते कळले, असे ताई सांगते.

आणखी काही बाबी थोडक्यात सांगतो. १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी वापर मुळात बंद असतो. तो आपणच बँकेच्या ॲपमधून सुरू करावा, मर्यादा बेताची ठेवावी आणि परतल्यावर बंद करावा. ओटीपी यावा म्हणून भारतातला मोबाईल नंबर चालू ठेवावा. कार्डे दोन असावीत आणि ती एकाच पाकिटात नसावीत. थोडी रोकडही हवी. जर्मनीतली काही लहान दुकाने अजून कार्ड घेत नाहीत. भूतानमध्ये २०२१ साली आपले यूपीआय सुरू झाले, २०२४ मध्ये श्रीलंका, मॉरिशस आणि पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटांपर्यंत ते पोहोचले. तरी सगळ्या प्रवासाची भिस्त त्यावर ठेवता येत नाही.

शेवटी आम्ही मार्कअप नसलेले एक कार्ड खर्चासाठी, जुने डेबिट कार्ड अडीअडचणीसाठी आणि थोडे रोख युरो असे ठरवले. कार्डाची फी वजा जाता सात हजारांहून अधिक रुपये वाचले. त्या पैशांत आई-दादा ऱ्हाईन नदीत बोटीने फिरून आले, तेही स्वतःच्या पैशाने. दादांच्या लेखी हे शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे होते.

वर्गात आपण ‘व्यवहार-खर्च’ ही संज्ञा शिकतो, परीक्षेत चार गुणांसाठी तिची व्याख्या लिहितो आणि विसरून जातो. प्रत्यक्षात ती संज्ञा कार्डाबरोबर येणाऱ्या शुल्कतक्त्यात बारीक टाईपात दडून बसलेली असते. आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जातील. कोणाचे वडील द्राक्षबाग गहाण टाकतील, कोणाचे भविष्य निर्वाह निधीला हात घालतील. त्या पैशातले शंभरातले चार रुपये केवळ न वाचल्यामुळे जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच. शुल्काचे आकडे बँका वेळोवेळी बदलतात. म्हणून या लेखातील आकडे पाठ करण्यापेक्षा हिशेबाची रीत लक्षात ठेवावी आणि जाण्यापूर्वी तो तक्ता मागून, कागद-पेन्सिल घेऊन एकदा बसावे.