कवळीने भाकरी कशी खावी?

कवळी बसवून घेतलेल्या आजी-आजोबांची तक्रार घरोघरी सारखीच असते: दात दिसायला छान, पण खाता येत नाही. मग कवळी डबीत जाते आणि ताटात मऊ भात, शिरा, चहा-खारी एवढेच उरते. या तक्रारीत तथ्य आहे. खरे दात आणि कवळी ही दोन वेगळी यंत्रे आहेत, आणि दुसरे यंत्र पहिल्यासारखे चालवले की ते बिघडते.

खरा दात हा हाडात ठोकलेला खुंटा नव्हे. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. चावताना येणारा दाब तो झेलतो आणि त्याची वर्दी मेंदूला देतो. भातात बारीक खडा लागताच जबडा थबकतो, तो यामुळेच. एका जबड्यातल्या सर्व दातांच्या या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर भरते. कवळी मात्र हिरडीच्या मऊ त्वचेवर नुसती टेकलेली असते. तिला टेकायला वर सुमारे २३ आणि खाली जेमतेम १२ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. जास्त जोर दिला की हिरडी दुखते. त्यामुळे चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या साधारण चौथा-पाचवा हिस्साच राहतो.

मग वरची कवळी खाली पडत का नाही? वर्गात करून पाहा. सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्यांमध्ये पाण्याचा थेंब दाबा. पट्ट्या सरळ ओढून सुटत नाहीत. पण एका कडेने उचकटल्या की हवा आत शिरते आणि त्या चटकन वेगळ्या होतात. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये पाण्याचे काम लाळ करते. रक्तदाबाच्या किंवा सर्दीच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते, तेव्हा हीच पकड सुटते. जेवणाआधी आणि मध्येमध्ये घोटभर पाणी घेतले तरी बराच फरक पडतो. खालची कवळी नालेच्या आकाराची, अरुंद. शिवाय जीभ तिला सतत ढकलते. तक्रारी बहुधा तिच्याच!

कडेने उचकटणे म्हणजे काय, ते पेरूचा चावा घेताना कळते. पुढच्या दातांवर जोर पडला की कवळीची मागची कड सुटते. हा तरफेचाच खेळ. म्हणून फळ सुरीने कापावे, लहान घास दोन्ही बाजूंच्या दाढांवर थोडा थोडा ठेवावा आणि सावकाश चावावे. या बाबतीत हाताने तुकडा मोडून खायची आपली पद्धत पावापेक्षा सोयीची. भाकरी गरम असताना मोडून आमटीत कुस्करली, की कवळीवाल्यालाही ज्वारी-बाजरी सोडावी लागत नाही.

कवळीचे अॅक्रिलिक उष्णतेचे मंद वाहक आहे. टाळू झाकलेला असल्याने चहा किती कढत आहे ते उशिरा कळते आणि घसा भाजतो. चहा आधी ओठांना लावून पाहावा.

खरा धोका मऊ अन्नाच्या सवयीचा आहे. खारी-बिस्किटांनी पोट भरते. पण चोथा, प्रथिने आणि 'क' जीवनसत्त्व कमी पडते, मग बद्धकोष्ठ आणि अशक्तपणा. सगळे मिक्सरमधून काढावे, हा सल्ला मला पटत नाही. चावण्याने लाळ सुटते, तीच तर हवी आहे. किसलेल्या गाजर-काकडीची कोशिंबीर, मोड आणून शिजवलेले मूग, धिरडी, अंडी, काटे काढलेले मासे, पपई, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, दाण्याचे कूट हे सगळे चालते. चिक्की मात्र टाळावी, कारण ती कवळी ओढून काढते. तीळ आणि पेरू-अंजिराच्या बिया कवळीखाली शिरून टोचतात. सुरुवातीचे काही दिवस मऊ पदार्थ, मग हळूहळू घट्ट, असा क्रम ठेवावा.

एवढे करूनही वर्षा-दोन वर्षांत कवळी सैल वाटू लागते. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते, आणि दीर्घकाळात खालचे वरच्यापेक्षा साधारण चौपट. अशा वेळी दंतवैद्याकडून आतून नवा थर देऊन घ्यावा. चिकट पावडर लावून वर्षानुवर्षे रेटू नये. टोचून झालेली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती दाखवलीच पाहिजे.