इंजिन स्लोवर चालते, पण रेस घेत नाही!



सोयाबीनची सुडी उघडी आहे, आभाळ भरून आले आहे आणि नेमका अशा वेळी ट्रॅक्टर रुसतो. बंद पडत नाही, स्लोवर गुरगुरत राहतो. रेस दिली की मात्र मान टाकतो. सेनगाव तालुक्यात गोरेगावच्या बाजूला ऑक्टोबरात मळणी, पुढे उन्हाळ्याच्या तोंडाला हळदीचे पॉलिश. ही कामे पी.टी.ओ.वर चालतात आणि त्याला ५४० फेरे लागतात. स्लोवर ड्रम चोंदणारच.

अशा वेळी घाईघाईने पंप उतरवला जातो. आमचे सांगणे असे की, पंपाला हात सगळ्यात शेवटी लावा.

कारण पाहा. स्लोवर चालायला इंजिनाला थोडेच डिझेल पुरते. ते सुरळीत चालते आहे, त्या अर्थी दाब बहुधा ठीक आहे. रेस दिल्यावर डिझेल आणि हवा दोन्ही कितीतरी जास्त लागतात. विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हला गाळ अडकला तर बारीक धार येते, दंड भरत नाही; तसेच हे.

म्हणून आधी धूर बघा. रेस देताच काळाभोर धूर आला तर हवा कमी पडते आहे. मळणीचा भुसा एअर क्लीनरमध्ये बसतो. ऑइलचा एअर क्लीनर असेल तर मळणीच्या दिवसांत वाटी रोज उघडून पाहा, चिखल झाला असेल तर धुऊन नवे ऑइल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर गेले तर इंजिन ते ऑइल ओढते व आवरत नाही. सायलेन्सर काजळीने भरला असला तरी इंजिन असेच कोंडते.

धूर नाही आणि इंजिन नुसते दबते, तर डिझेल कमी पडते आहे. प्रथम बिनखर्चाचे पाहा. बंद करायची दांडी पूर्ण आत गेली आहे ना? ती अर्धवट ओढलेली राहिली तरी हाच प्रकार होतो. मग इंजिन बंद करून एकाने अॅक्सिलरेटर दाबावा, दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते बघावे. पिन झिजलेली किंवा केबल ताणलेली सापडते.

त्यानंतर टाकीचे झाकण सैल करून पाच मिनिटे चालवा. रेस घेतली तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. त्यात कुंभारमाशीने मातीचे घर केलेलेही असू शकते! बारीक तारेने मोकळे करा.

एवढ्याने भागले नाही तर फिल्टरखालचा स्क्रू सोडून तळचे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी खाली वेगळे बसलेले दिसते. टाकीच्या तोंडची जाळी धुवा. कागदी फिल्टर मात्र धुऊन पुन्हा बसवू नका, नवा टाका. मग हातपंप मारून एअर काढा, बुडबुडे थांबेपर्यंत. पुन्हा पुन्हा एअर घेत असेल तर टाकीकडून येणाऱ्या नळीला चीर किंवा वॉशर गेलेला असतो. ती जागा बाहेरून ओली दिसेलच असे नाही, कारण तिथे डिझेल गळण्याऐवजी हवा आत ओढली जाऊ शकते.

डिझेल ड्रममध्ये साठवत असाल तर दिवसभर निवू द्या आणि तळचे चार बोटे डिझेल टाकीत घालू नका.

हे सारे करताना पी.टी.ओ. काढलेला, गिअर न्यूट्रल, हातब्रेक ओढलेला असावा. बिडी लांब ठेवा. नोझलच्या नळ्या चालू इंजिनावर सोडू नका. ती धार कातडीतून आत शिरते. आणि पंपावरच्या सीलबंद स्क्रूला पाना लावायचा नाही. तो जास्तीत जास्त वेग ठरवतो, आणि वेग हाताबाहेर गेला तर इंजिन फुटते.

एवढे करूनही फरक नसेल तर मग नोझल, पंप आणि गव्हर्नर तपासणीसाठी मिस्त्रीकडे न्या. धुराचा रंग आणि आपण काय काय पाहिले, ते त्याला सांगा. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम आहेत, त्यामुळे त्यांत बहुधा इलेक्ट्रॉनिक पंप असतो. त्यात सेन्सर बिघडला की इंजिन स्वतःच वेग धरून ठेवते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा दिसला तर काही न उघडता कंपनीच्या माणसाला बोलवा.